हवालदारबांची हाजरी

पेरणीच्या दिवसांत आमच्या शिवारात सगळे जण बैलांना हाका मारत. हवालदारबा मेलेल्या माणसांना हाका मारत. तिफनीचे रुमणे एका हातात धरून ते बांधापाशी ताठ उभे राहत आणि परेडीच्या मैदानावर ओरडावे तसे ओरडत, "महादू! शेख दाऊद! गणपत!" प्रत्येक नावानंतर एक श्वासभर थांबत. मग बैल चालू लागत. शेताच्या त्या टोकाला तिफन वळली की पुन्हा थांबत. "किसन! बळीराम!" आणि त्यानंतर सहाव्या नावाच्या जागी काहीच नाही. फक्त तेवढाच श्वासभर वेळ. बैलांनाही त्या थांबण्याची इतकी सवय झाली होती की तो वेळ संपला की ते आपणच पाऊल उचलत.

तिफनीला तीन नळ्या असतात. मागे चालणारे माणूस वरच्या चाड्यात बी सोडते आणि ते तिन्ही नळ्यांतून जमिनीत उतरते. म्हणजे एका वेळी तीन ओळी पेरल्या जातात. पेरलेल्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. जाताना तीन तासे, येताना तीन तासे. विहिरीपासून बांधापर्यंतच्या पट्ट्यात अशा दहा-बारा फेऱ्या होत आणि दर फेरीला ही हाजरी होई. नावे होती ती हवालदारबांच्या पलटणीतल्या पाच सोबत्यांची. ते नर्मदेपलीकडच्या लढाईत पडले. ज्याच्या नावाचे तास, त्याची ज्वारी त्याच्या घरी जाई. सहावे तास बिननावाचे होते. ते माझ्या वडिलांचे.

आमचे गाव नांदगाव खंडेश्वरापासून कोसभर आत. अठराशे सत्तावन्न सालच्या धामधुमीत एलिचपूरच्या छावणीतली एक पलटण उत्तरेकडे गेली. तिच्यात बहुतेक भरणा परदेशी, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या, शिपायांचा. आमच्या भागातले मोजून सात जण. पाच पडले, हवालदारबा परत आले आणि माझे वडील तुळशीराम पडलेल्यांतही नव्हते, परतलेल्यांतही नव्हते. पलटणीच्या कागदात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला. गावाने त्या शेऱ्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. मी तेव्हा अडीच-तीन वर्षांचा होतो. वडिलांचा चेहरा मला आठवत नाही. त्यांच्याविषयी लोक काय बोलत ते मात्र शब्दन् शब्द आठवते.

खरे सांगायचे तर हवालदारबा हवालदार नव्हतेच. ते नाईक होते, हवालदाराच्या एक पायरी खाली; सखाराम नाईक. कोणी नवखा माणूस "हवालदारसाहेब" म्हणाला की ते लगेच दुरुस्ती करीत, "नाईक बावा, नाईक. हवालदार व्हाच्या आधीच लढाई सरली." पण गावाने एकदा दिलेली बढती गाव मागे घेत नाही. त्यांच्या बायकोलाही सारे हवालदारीणकाकूच म्हणत. मूल-बाळ नव्हते. काकूंची जीभ तिखट होती. त्या म्हणत, "पलटनीनं यायले काहीच नाई देलं. सरळ चालाची खोड तेवढी देली. बांधावरून बी असे चालतात जसा कोनी साहेब पाहून राह्यला."

ही चालण्याची खोड खरीच होती. अंतर ते कोसांत मोजत नसत, मंजिलीत मोजत. एका दिवसात पलटण चालेल तेवढी एक मंजिल. नांदगावचा बाजार त्यांच्या हिशेबात "बूट गरम व्हाच्या आधी" येई. बूट मात्र त्यांच्या पायात कोणी कधी पाहिले नाहीत. पलटणीतले ते जाड बूट घराच्या आढ्याला टांगलेले असत. दसऱ्याला ते खाली येत, करंजाच्या तेलाने न्हात, फुले-अक्षता घेत आणि पुन्हा वर जात. मी एकदा विचारले, "बा, घालत काहून नाई?" म्हणाले, "घालून पाह्यले होते गड्या. घरी आल्यावर पाय पसरले का बूट आटले, समजत नाई. पन त्या बुटाइतकं माह्यासोबत कोनी चाललं नाई, म्हनून त्यायले उन्हात नाई टाकत."

आणखी एक खोड होती. ते सगळ्यांत शेवटी पाणी पीत. शेतात दुपारी पाण्याची घागर आली की मजूर, पोरे, बैलसुद्धा पिऊन होईपर्यंत ते घागरीकडे पाहत नसत. वैशाखात ओठ फुटलेले असले तरी नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या हातात आधी तांब्या दिला तर तो शेजारच्याच्या हातात जाई. लोक म्हणत, शिस्त आहे पलटणीची. आम्हीही तेच समजत होतो.

आता आईविषयी सांगितले पाहिजे. आम्ही माळी. विहिरीवरची थोडी वाडी होती. वांगी, मेथी, झेंडू. आई डोक्यावर टोपले घेऊन नांदगावच्या बाजाराला जाई. कपाळावर रुपयाएवढे कुंकू लावून जाई. विहिरीवर बायका तिला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात म्हणत, "कोनासाठी लावते बाप्पा? तिकडं त्यानं दुसरं घर मांडलं असन." आई घागर उचले आणि चालू लागे. तिने कधी उलट उत्तर दिले नाही, आणि कुंकूही कधी लहान केले नाही.

दरवर्षी सुगी झाली की हवालदारबा सहाव्या तासाच्या ज्वारीचे पोते आमच्या ओट्यावर आणून ठेवत. सहाही तासांचे ढीग खळ्यात वेगवेगळे असत. काकू म्हणत, "कनसाले काय त्यायची नावं लिवली हायेत? कर एक ढीग आन् वाट सारखं." पण ते मिसळू देत नसत. पाच पोती पाच घरी जात आणि सहावे आमच्याकडे येई. आई ते पोते दोन टोपल्यांत करून दोन खेपांत त्यांच्या ओट्यावर परत नेऊन ठेवी. दोघेही न बोलता हे करीत. एकदा मात्र मी दोघांना समोरासमोर पाहिले.

"वैनी, त्याच्या नावचं हाये हे."

"नाव घेता का तुमी त्याचं, हवालदारसाहेब? बाकी पाचायचं घेता. यायचं काहून नाई घेत?"

हवालदारबांनी पोत्याची गाठ उगाच घट्ट केली.

"मेल्याचं असन तं तसं सांगा, मी कपाळ पुसते आन् पोतं आत घेते. जित्त्याचं असन तं थो येईन आन् आनून देईन. दोन्हीच्या मंधातलं मले नाई पाह्यजे."

"मी त्याले मेलेला पाह्यला नाई, वैनी. पाह्यल्याबिगर कसं सांगू?"

"मंग घेऊन जा."

तेवढे बोलून आई आत गेली. हवालदारबांनी पोते पाठीवर घेतले. एवढ्या ताठ चालणाऱ्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा वाकून चालताना पाहिले. पोत्याचे वजन त्यांना नवे नव्हते.

मग कापसाची ती चार वर्षे आली. दूर अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कोणी स्वप्नात पाहिला नाही असा भाव आला. अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा गावाबाहेर कोसभर पोचत, असे लोक सांगत. आमच्या गावात बैलांच्या शिंगांना चांदीची शेंबी आली. ज्यांच्या घरी कंदील नव्हता त्यांच्या घरी काचेची हंडी आली. लोकांनी ज्वारी मोडून कापूस लावला, धुरे म्हणजे शेतांचे बांध फोडून लावला, मसणवाटीच्या कुंपणापर्यंत लावला. एका हवालदारबांनी विहिरीपासूनचा तो पट्टा ज्वारीचाच ठेवला.

कापसाचा एक दलाल अमरावतीहून येई. त्याने त्यांना समजावले, काकूंनीही समजावले. काकू म्हणाल्या, "बाकीच्या वावरात कापूस हायेच ना आपला, मंग एवढ्या पट्ट्यानं काय घोडं मारलं? कापूस लावा आन् त्यायले बाजारातून ज्वारी घेऊन द्या."

"कापसाले कोनाचं नाव देऊ?" हवालदारबा म्हणाले. "कापूस कोनाच्या पोटात जाते?"

त्यातल्या एका पोळ्याचा दिवस मला चांगला आठवतो. बैल सजवून तोरणाखाली उभे होते. दलालही आला होता. पाटलांनी बैलांना ओवाळले, हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "देवा, सगळं तुह्या किरपेनं चाललं हाये. तेवढी ती अमेरिकेची लढाई आनखी दोन वर्सं चालू दे." लोक हसले. काहींनी "व्हय, व्हय" म्हणून साथ दिली. पाटील माणूस वाईट नव्हता. त्याला ती लढाई म्हणजे भावाचा आकडा वाटत होती, जशी ती सगळ्या गावाला वाटत होती.

हवालदारबा आपली जोडी घेऊन रांगेत उभे होते. त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या माळा काढल्या, शांतपणे घडी करून खांद्यावर टाकल्या आणि जोडी रांगेतून बाहेर काढली.

"काय झालं हवालदार? तोरन तुटाचं हाये अजून," पाटील म्हणाले.

"तोडा तुमी," हवालदारबा म्हणाले. "तुमी देवाले जे मांगतलं ना पाटील, त्याच्यात माही जोडी नाई उभी राहत. तिथं बी कोनाचं तरी तास रिकामं पडून राह्यलं असन. तिथं बी कोनाची तरी बायको विहिरीवर बोलनं ऐकून राह्यली असन."

बायकांच्या घोळक्यात आई उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण सगळ्यांना पाहावेसे वाटले.

पुढच्या सालापासून कापसाच्या राज्यात ज्वारी दिसेनाशी झाली. पीकच नाही तर बाजारात कुठून येणार? लोकांच्या घरी चांदी होती आणि चुलीवर तवा रिकामा होता. शेख दाऊदची म्हातारी आई नांदगावहून काठी टेकत आली आणि आपले पोते पाहून तिथेच बसून रडली. आमच्या वाडीत वांगी होती, मेथी होती. पण नुसत्या मेथीवर दोन जीव किती दिवस राहतील? आई तरीही सहावे पोते घेईना.

तेव्हा हवालदारबा एक दिवस येऊन अंगणात उभे राहिले. ओट्यावर चढले नाहीत. म्हणाले, "वैनी, पेरनीले मले चाड्यावर मानूस पाह्यजे. कापसाच्या कामाच्यानं कोनी भेटत नाई. तुमी येता का? मजुरी सहाव्या तासाची ज्वारी. कष्टाची ज्वारी कोनाच्या नावाची नसते."

आईने हातातली मेथीची जुडी बांधून टोपल्यात ठेवली. मग म्हणाली, "येते. पन हात माहा असन. बी किती सोडाचं ते मले सांगू नका."

तशी ती त्यांच्या तिफनीमागे चालू लागली, आणि पुढे कितीतरी वर्षे चालली. कमरेला बियाची ओटी, उजवी मूठ चाड्यावर. हवालदारबा पाच नावे घेत. सहाव्याला ते गप्प, आई गप्प, बैल उभे. मी बांधावरून पाहत असे. मला तेव्हा वाटे की ती दोघे काहीतरी ऐकण्यासाठी थांबली आहेत. आज वाटते, दोघे वेगवेगळे ऐकत होती.

मला शाळेत घालण्याचा हट्ट हवालदारबांचाच. आई म्हणे, वाडी कोण पाहील? ते म्हणत, "वैनी, आमच्यात कोनाले लिवता येत नोतं. लिवनाऱ्यानं विचारलं, तुळशीराम कुठं हाये? आमी म्हनलं, मालूम नाई. त्यानं एक शब्द लिवला आन् कागद मिटला. आमच्यातला एक जन जरी लिवनारा असता तं चार ओळी लिवल्या असत्या. कागद लिवनारा आपला मानूस पाह्यजे."

नांदगावच्या मराठी शाळेत त्यांनी मला स्वतः नेले. मास्तर पुण्याकडचे होते. त्यांना आमची बोली भांडल्यासारखी वाटे. त्यांनी नाव विचारले. मी "सदाशिव" म्हणालो. "वडिलांचे नाव? हयात आहेत का?" मी मान खाली घातली. तिथे आमच्याच गावचा एक जण आपल्या मुलाला घेऊन आला होता. तो हसून म्हणाला, "पळाला म्हनून लिवा, मास्तर."

हवालदारबांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. टाचा जोडल्या आणि पेरणीच्या आवाजात ओरडले, "सदाशिव तुळशीराम!" शाळेतली सगळी पोरे दचकून उठून उभी राहिली. मास्तरांच्या हातातला बोरू थांबला. "हयात का मयत, ते मले मालूम नाई, म्हनून ते लिवू नका. नाव तेवढं लिवा. दोन्ही मिळून लिवा. रोज हाजरीले दोन्ही मिळून घ्या."

परत येताना गाडीत ते मला म्हणाले, "लेका, ध्यानात ठेव. मले हाजरीत त्याचं नाव घेता येत नाई. पन तुह्या नावामागं ते आपोआप येते. तू जिथं जिथं हाजर होशीन, तिथं थो बी हाजर होईन. म्हनून शाळा बुडवू नको."

मी शाळा बुडवली नाही. तापातही गेलो. पोरांना वाटे मी मास्तरांना भितो.

पुढे अमरावतीच्या इंग्रजी शाळेत गेलो. तिथे एका सज्जन कुटुंबाच्या पडवीत राहत होतो. सहाव्या तासाचे पोते आता माझ्यासोबत अमरावतीला जाई. हवालदारबा ते स्वतः गाडीतून आणत, आणि त्या घरच्या बाईंना सांगत, "पोट्ट्याची भाकर याचीच करजा माय, दुसऱ्यात मिसळू नका." बाई हसत आणि तसेच करीत. अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव बसला, शिंगांवरची चांदी एकेक करून उतरली; पोते मात्र येतच राहिले. मी मॅट्रिक झालो, शिष्यवृत्तीवर मुंबईला गेलो. ज्या घरी कोणी अक्षर गिरवले नव्हते त्या घरचा मुलगा बी.ए. झाला. या शिक्षणाचे श्रेय मी कोणाकोणाला देतो असे मला पुष्कळांनी विचारले आहे. मी गुरुजनांची नावे सांगतो, आणि ती खरीच आहेत. पण रोजच्या भाकरीखाली कोणाचे तास होते, ते मी आज पहिल्यांदा लिहीत आहे.

पदवीदानाच्या त्या मोठ्या सभागृहात एकेकाला नावाने बोलावत होते. माझ्या आधीच्याचे नाव झाले आणि मग एका साहेबाने, उच्चार वाकडातिकडा करून, पण मोठ्याने म्हटले, "सदाशिव तुळशीराम." मी उठायचे विसरलो. शेजारच्याने कोपराने ढोसले तेव्हा उठलो.

मी गावी परतलो तेव्हा हवालदारबा अंथरुणावर होते. छातीत कफ भरला होता. काकू उशाशी, आई पायाशी. मला पाहताच त्यांनी विचारले, "नाव घेतलं?"

"घेतलं बा."

"कसं? घेऊन दाखव."

मी उभा राहिलो, टाचा जोडल्या आणि त्या साहेबाने घेतले तसे नाव घेतले. त्याच्या वाकड्या उच्चारासकट. काकूंना हसू आले. हवालदारबांनी डोळे मिटले. "केवढे लोक होते?"

"सभागृह भरलं होतं."

"बस," ते म्हणाले. "लागली त्याची हाजरी."

मग बराच वेळ ते आढ्याला टांगलेल्या बुटांकडे पाहत राहिले. मला वाटले झोप लागली. पण ते आईकडे वळले.

"वैनी, एक गोष्ट राह्यली हाये. इतकी वर्सं जीभ नाई उचलली."

आई जरा पुढे सरकली.

"मांडीत गोळी लागल्ती त्याच्या. मी त्याले झाडाखाली ठेवलं. त्यानं पानी मांगतलं. मी लोटा घेऊन खाली नदीवर गेलो. फटफटल्यापासून माह्याबी घशात थेंब नोता. लोटा भराच्या आधी मी ओंजळ लावली. एक नाई, दोन नाई. पोट भरेस्तोवर पेलो, वैनी. तोंड धुतलं. मंग लोटा भरला. वर याले निघालो तं मंधात घोडेस्वार घुसले. मी झाडीत दडलो. अंधार पडल्यावर गेलो तं झाडाखाली रगत होतं, थो नोता. ओढत नेला का सोताच सरकत गेला, मालूम नाई. सारं रान पाह्यलं. आधी त्याले देलं असतं पानी..." पुढचे त्यांना बोलता येईना. थोड्या वेळाने म्हणाले, "आमी ज्यायच्यावर गोळ्या झाडल्या ते बी त्याच नदीचं पानी पेत होते. पन मी आधी पेलो."

वीस वर्षे हा माणूस घागरीपाशी सगळ्यांच्या शेवटी का उभा राहिला, ते मला त्या क्षणी समजले. आता आई काय म्हणेल याची मला भीती वाटली. तिला तिचे सगळे आयुष्य त्या झाडापासून मोजावे लागले होते.

आई उठली. रांजणातून लोटा भरला आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. मान उचलून लोटा त्यांच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी तोंड फिरवले. "पह्यले तुमी..."

आईने लोटा वर धरून आपल्या तोंडात एक घोट सोडला. मग पुन्हा त्यांच्या ओठांपाशी नेला. "घेतला मी. आता तुमी घ्या, भाऊजी. तहान लागली तं मानूस पेतेच."

भाऊजी हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. हवालदारबा पाणी प्यायले. पुष्कळ प्यायले. काही उशीवर सांडले, ते काकूंनी पदराने टिपले.

त्यानंतर ते आठ-दहा दिवस होते. बोलणे कमी झाले होते. काकूंना त्यांनी बुटांबद्दल सांगितले की दसऱ्याचे तेल चुकवू नका. मला एकदा जवळ बोलावून म्हणाले, "माह्यासाठी निराळं तास नको टाकू. तिफनीले नळ्या तीनच असतात. सहावं हायेच ना, त्याच्यात टाक मले. जागा देईन थो मले." पेरणीच्या तोंडाशी ते गेले.

त्या साली पट्टा मी पेरला. पुस्तकांनी माझे हात मऊ झाले होते. रुमणे धड धरता येत नव्हते आणि बांधावर उभे असलेले लोक माझी वाकडी तासे पाहून गंमत करत होते. "बी.ए.ची पेरनी पाहा रे," कोणी म्हणाले. शाळेत माझ्या वडिलांना 'पळाला' म्हणणारा तो गृहस्थही त्यांच्यात होता. काकू धुऱ्यावर घागर घेऊन बसल्या होत्या. आई माझ्यामागे चाड्यावर होती. सकाळी घरातून निघतानाच मी पाहिले होते की तिच्या कपाळावर कुंकू नाही.

बांधापाशी उभा राहून मी नावे घेतली. महादू. शेख दाऊद. गणपत. माझा आवाज त्यांच्यासारखा नव्हता, पण बैल थांबले आणि वेळेवर निघाले. त्या टोकाला तिफन वळवली. किसन. बळीराम. आणि सवयीप्रमाणे मी गप्प झालो.

"थांबला काहून?" मागून आई म्हणाली.

मी वळून पाहिले. तिची मूठ चाड्यावर भरलेली होती.

"घे नाव. मले घेता येत नाई त्यायचं, तुले येते. आन् भाऊजीचं बी घे. त्या दोघायचं हाये ते तास."

मी टाचा जोडल्या.

"तुळशीराम!" मी ओरडलो. आणि गावाने दिलेली बढती बाजूला ठेवून, त्यांना हवी होती तीच हाक दिली, "सखाराम नाईक!"

मग श्वासभर थांबलो. आईने मूठ सोडली, आणि बैल आपणच चालू लागले.